कूलंट घेतेस? आधी पाण्याचं बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. दुकानदाराने दोन डबे समोर ठेवले, एक रेडी टू यूज आणि एक कॉन्सन्ट्रेट. वर हेही सांगितलं, की "कॉन्सन्ट्रेट घ्या मॅडम, पाणी घातलं की दुप्पट होतं." आणि तू गोंधळलीस. गोंधळणारच. गाडी घेताना आपल्याला रंग, मायलेज, हप्ता सगळं समजावून सांगतात, बॉनेटखालच्या त्या छोट्या टाकीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून आज निवांत लिहितेय.

आधी उत्तर देऊन टाकते, मग कारणं. टाकीतली पातळी थोडी उतरली असेल आणि नुसतं टॉप-अप करायचं असेल, तर रेडी टू यूज घे, म्हणजे प्रीमिक्स. जुनं कूलंट काढून, इंजिन पाण्याने फ्लश करून सगळं नवीन भरायचं असेल, तर कॉन्सन्ट्रेट घे, आणि त्याच्यासोबत डिस्टिल्ड वॉटरचा कॅनही घे. नळाचं, बोअरचं किंवा टँकरचं पाणी यातल्या कशातच घालायचं नाही. बाकी सगळं विसरलीस तरी एवढं लक्षात ठेव.

आता तू म्हणशील, डब्यावर तर अँटीफ्रीझ लिहिलंय, आणि इथे ठाण्यात, कोलशेतला कुठे काय गोठतंय? बरोबर आहे तुझं. आपल्याकडे कडाक्याची म्हणावी अशी थंडी पडली तरी पारा दहा-बारा अंशांच्या आसपास असतो. इथे कूलंटची कामं दोन. पहिलं, उकळी लांबवणं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं आणि इंजिन चालतं ९० च्या आसपास, म्हणजे हाताशी फारच थोडी जागा. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं केलं की उकळबिंदू १०७ च्या आसपास जातो. त्यावर रेडिएटरच्या कॅपचा दाब आला की आणखी वर, जवळजवळ १३० अंशांपर्यंत. मे महिन्यात गायमुखच्या चढावर, पुढे मागे ट्रेलर आणि एसी चालू, अशी अर्धा तास अडकलीस तर हेच अंश तुला तारतात. दुसरं काम गंज थांबवण्याचं, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं. आताच्या गाड्यांचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, इंजिनचं हेडही ॲल्युमिनियमचं. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, ती आतून पातळ थर धरून धातूला जपतात. नुसत्या पाण्याने ते होत नाही.

तुझी गाडी सीएनजीवर आहे, म्हणून एक जास्तीची गोष्ट. सिलिंडरमधला गॅस २०० बारच्या दाबावरून एकदम खाली येतो तेव्हा तो जबरदस्त थंड होतो. ज्या रेड्युसरमध्ये हे घडतं, तो थंडीने आखडू नये म्हणून बहुतेक गाड्यांत त्याच्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. म्हणजे कोलशेतमध्ये गोठण्याची भीती असलीच तर ती तिथे! कूलंट कमी झालं की इंजिन तापतं आणि रेड्युसर मात्र गार पडतो, गाडी गॅसवर धक्के खाते. अशा वेळी लोक थेट गॅस किटला दोष देतात. तू आधी कूलंटची टाकी बघ.

आता पाण्याकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. प्रीमिक्स घेतेस तेव्हा पाण्याची जबाबदारी कंपनीची असते. खनिजं काढून टाकलेलं पाणी, ठरलेलं प्रमाण, सगळं कारखान्यात झालेलं. कॉन्सन्ट्रेट घेतेस तेव्हा ती जबाबदारी तुझी होते. आणि आपल्या घोडबंदर पट्ट्यातल्या पाण्याबद्दल तुला मी काय सांगायचं? महापालिकेचं पाणी भातसा आणि उल्हास नद्यांचं, ते त्यातल्या त्यात मऊ. पण उन्हाळ्यात किती सोसायट्यांचं टँकरवर चालतं, टँकर कुठल्या बोअरवर भरला जातो आणि सोसायटीच्या टाकीत काय काय एकत्र होतं, हे वॉचमनलाही ठाऊक नसतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो आणि उष्णता बाहेर पडायची वाट अडवतो. खाडीलगतच्या बोअरला खारटपणाही असू शकतो, आणि त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक बारीक भोकं पाडतं. दोन पावसाळे काही दिसत नाही. मग एक दिवस रेडिएटर गळायला लागतो आणि मेकॅनिक म्हणतो, "मॅडम, बदलावा लागेल."

"मग आरओचं घालू का?" असं विचारशील. नको. आरओमधून खनिजं बरीच कमी होतात पण सगळी जात नाहीत, शिवाय चवीसाठी काही मशिन्समध्ये ती परत मिसळतात. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बादलीत धरून ठेवणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. त्या पाण्याने लादी पूस, झाडांना घाल, पण रेडिएटरमध्ये नको. कॉइलवरची धूळ, बुरशी, धातूचे अंश, सगळं त्यात उतरलेलं असतं. डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड वॉटर हवं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर कॅनमध्ये मिळतं. फक्त कॅनवरचं लेबल दोनदा वाच. बॅटरी वॉटर आणि बॅटरी ॲसिड शेजारी शेजारी ठेवलेले असतात, कॅन दिसायला सारखेच. ॲसिड हातातसुद्धा घेऊ नकोस.

दुसरा घोळ प्रमाणाचा. पुष्कळांना वाटतं, कॉन्सन्ट्रेट जितकं दाट तितकं चांगलं, मग ते तसंच ओततात. खरं उलट आहे. उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. निव्वळ ग्लायकॉलची ती ताकद पाण्याच्या साधारण निम्मी, त्यात ते दाटसर, पंपाला जड. आणि गंमत म्हणजे निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं, तर निम्मं पाणी घातलेलं उणे ३७ पर्यंत टिकतं. म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट टाकीत ओतायचं नाही. ते पाण्यापेक्षा जड असतं, लगेच मिसळतही नाही. स्वच्छ भांड्यात आधी मिसळून घ्यायचं आणि मग ओतायचं. आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, हे आत्ताच सांगून ठेवते.

किती पाणी घालायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. काही कंपन्या निम्मं-निम्मं सांगतात. काही, जिथे बर्फ पडत नाही तिथे ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के पाणी चालतं म्हणतात. आपल्याकडच्या काही डब्यांवर १:३ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक भाग कूलंट, तीन भाग पाणी, म्हणजे २५ टक्के. एक तृतीयांश नव्हे. तुझ्या पुस्तिकेने निम्मं सांगितलं असेल आणि डबा १:३ म्हणत असेल, तर पुस्तिकेचं ऐक. आणि प्रीमिक्समध्ये पुन्हा पाणी घालायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. तितकंच पाणी घातलं तर पन्नास टक्क्यांचं पंचवीसवर येतं, गंजरोधक रसायनंही तितकीच विरळ होतात आणि दिलेले पैसे वाया जातात.

पैशांचं बोलू या, कारण दुकानदाराने तुला तिथेच पकडलं. डब्याची किंमत डब्याशी ताडायची नाही, गाडीत जाणाऱ्या तयार लिटरशी ताडायची. हिशेबापुरतं धर, कॉन्सन्ट्रेट लिटरला ४०० रुपये, प्रीमिक्स २५० आणि डिस्टिल्ड वॉटर ३०. निम्मं-निम्मं केलंस तर दोन लिटरला ४३० रुपये पडले, म्हणजे लिटरला २१५. प्रीमिक्सपेक्षा ३५ रुपये कमी. चार लिटर भरायचं असेल तर १४० रुपये वाचले. वाचले ते खरेच. पण तुला टॉप-अपला पाव लिटर लागणार असेल तर? उरलेलं कॉन्सन्ट्रेट आणि पाण्याचा कॅन तुझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वर्षभर कुठे ठेवणार? उघडा राहिलेला डबा हवेतली ओल ओढून घेतो, ते वेगळंच. पाव लिटरसाठी प्रीमिक्सचा एक लिटरचा डबा आण, झाकण घट्ट लाव, विषय संपला. आणि एखादा डबा "चार लिटर होतात" म्हणून फार स्वस्त वाटला, तर तो १:३ चा आहे का ते आधी बघ. निम्म्या प्रमाणात त्याचे दोनच लिटर होतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे गॅरेजमध्येही क्वचितच सांगतात. फ्लशिंग करतात तेव्हा जुनं कूलंट सोडून देतात, पाणी भरून इंजिन फिरवतात, ते पाणी सोडतात. पण सगळं पाणी कधीच निघत नाही. इंजिनच्या ब्लॉकमध्ये, हीटरच्या नळ्यांत ते अडकून राहतं. समज, तुझ्या गाडीत एकूण पाच लिटर मावतं आणि सोडल्यावर तीनच लिटर बाहेर आलं. आत दोन लिटर साधं पाणी आहे. त्यावर तीन लिटर निम्म्या प्रमाणाचं प्रीमिक्स भरलं, तर ग्लायकॉल दीड लिटर आणि एकूण पाच, म्हणजे ३० टक्केच. पुस्तिका ५० मागत असेल तर तुझी गाडी पहिल्याच दिवशी कमी पडली. त्याऐवजी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर भांड्यात मिसळून ते भरायचं. झालं बरोबर निम्मं. म्हणून म्हणते, फ्लशिंग असेल तर कॉन्सन्ट्रेट. आणि शेवटचं फ्लशिंग तरी डिस्टिल्ड वॉटरने करायला सांग, कारण आत राहून जाणार आहे ते हेच पाणी. फ्लश न करता नुसतं काढून भरणार असतील आणि जुनंही त्याच जातीचं, चांगलं असेल, तर प्रीमिक्स चालेल. चांगल्या गॅरेजमध्ये रिफ्रॅक्टोमीटर असतो. थेंबभर कूलंट त्याच्या काचेवर ठेवून डोळ्याला लावला की प्रमाण कळतं. काम झाल्यावर "एकदा तपासून दाखवा" असं बिनधास्त सांग.

रंगावर भुलू नकोस. हिरवं, गुलाबी, निळं, लाल, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्याला सगळीकडे लागू असा नियम नाही. खरा फरक आतल्या गंजरोधकांचा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखे क्षार असतात, ते साधारण दोन वर्षांत थकतात. नव्या पद्धतीचं सेंद्रिय आम्लांवर चालतं, ते पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं. जपानी धाटणीच्या गाड्यांना बहुधा फॉस्फेट असलेलं आणि सिलिकेट नसलेलं लागतं. युरोपीय कंपन्या फॉस्फेट टाळत आल्या, कारण त्यांच्याकडचं पाणी कठीण आणि फॉस्फेट तसल्या पाण्यात थर धरतं. यातूनच कळेल, की जपानी गाडीत बोअरचं पाणी घालणं किती वाईट. दोन वेगळ्या जाती एकत्र झाल्या तर रसायनं एकमेकांना मारक ठरतात, कधी गाळ धरतो, कधी चिकट जेल होतं. त्यामुळे हिरव्यात हिरवं घातलं की झालं, असं समजू नकोस. पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच हवा. तू गाडी सेकंडहँड घेतलीस, आत आधीच्या मालकाने काय भरलंय ते आपल्याला माहीत नाही. म्हणून एकदा पूर्ण फ्लश करून घे, बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटव. पुढची वर्षं डोक्याला ताप नाही.

डबा हातात घेतलास की चार गोष्टी वाच. रेडी टू यूज की कॉन्सन्ट्रेट. मिसळायचं असेल तर प्रमाण. मानक, म्हणजे आपलं आयएस ५७५९ किंवा जपानी जेआयएस के २२३४. आणि सील, तारीख, एमआरपी. "कूलंट" एवढंच मोठ्या अक्षरांत लिहिलेला, मानक नाही, उत्पादकाचा धड पत्ता नाही असा स्वस्त डबा परत ठेव. त्यात रंगीत पाण्याशिवाय काय आहे, हे तुला सांगायला कुणी येणार नाही.

बाळकुमला, ढोकाळीला, कापूरबावडीला, जिथे जाशील त्या गॅरेजमध्ये कामाच्या वेळी उभी राहा. "दादा, डबा माझ्यासमोर उघडा" म्हण, "पाणी कुठलं घालताय?" हेही विचार. यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतंच. कूलंट भरताना नळाची नळी रेडिएटरकडे येताना दिसली, तर तिथेच थांबव. "मॅडम, सगळे हेच घालतात" असं उत्तर येईल. तू म्हण, "माझ्या गाडीत नको." एवढं पुरतं. आवाज चढवायची गरज नाही, आणि संकोचायचीही नाही.

तरीही कधी कसारा घाट चढताना किंवा घोडबंदरच्या जॅममध्ये तापमानाचा लाल दिवा लागला, तर घाबरू नकोस. एसी बंद कर, हीटर पूर्ण चालू कर. घामाने भिजशील, पण इंजिनची उष्णता त्या वाटेने थोडी बाहेर पडेल. सुरक्षित जागा मिळताच कडेला घे, इंजिन बंद कर. आणि कॅप उघडायची नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, कॅप फिरवली की उसळून तोंडावर, हातावर येतं. अर्धा-पाऊण तास थांब, बॉनेट हाताला गार लागू दे, मग जाड फडका धरून हळू उघड. तापल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर जवळ फक्त पिण्याच्या पाण्याची बाटली असेल तर गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं ते घाल, चालेल. नंतर मात्र ते काढून नीट भरून घे. आणि दर महिन्याला पातळी उतरत असेल तर टॉप-अप करत बसू नकोस. कुठेतरी गळतंय. गाडीत गोडसर वास, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, इंजिन ऑइल दुधाळ दिसणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखव.

एक गोष्ट कळकळीने सांगते. इथिलीन ग्लायकॉल विष आहे, आणि ते गोड लागतं. मोठ्या माणसालाही शंभर मिलिलिटरच्या आसपास जीवघेणं ठरू शकतं, लहान मुलाला आणि कुत्र्या-मांजराला त्याहून फारच थोडं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. उरलेलं हिरवं कूलंट जुन्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं तर ते थेट खस सरबतासारखं दिसतं. असं कधीही करू नकोस. मूळ डब्यातच, कुलपात, पोरांच्या हाताबाहेर. पार्किंगमध्ये सांडलं तर लगेच पुसून भरपूर पाण्याने धू, सोसायटीतली मांजरं चाटतात. कुणाच्या पोटात गेलंच तर घरगुती उपाय, मीठपाणी, उलटी काढणं यात वेळ घालवू नका. डबा सोबत घेऊन मोठं रुग्णालय गाठा. यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळायला हवा. जुनं कूलंटही गटारात सोडू देऊ नकोस. आपल्या नाल्यांचं पाणी खाडीलाच जातं, आणि त्या खाडीवर अजून कोलशेतच्या कोळ्यांची जाळी पडतात. गॅरेजवाल्यांना विचार, ते जुनं कूलंट कशात गोळा करतात. ज्यांच्याकडे त्यासाठी कॅन असतो त्यांच्याकडेच काम दे.

पुढे कधी लडाखला गाडी नेलीत, तर निघण्याआधी प्रमाण तपासून निम्मं-निम्मं करून घ्या. तिथे मात्र पाण्याचा खराखुरा बर्फ होतो. आणि उद्या इलेक्ट्रिक गाडी घेतलीस तर तिच्या कूलंटला हात लावू नकोस. काही गाड्यांत बॅटरीसाठी वीज फारशी न वाहणारं वेगळं कूलंट लागतं, ते सर्व्हिस सेंटरचंच काम.

आता या रविवारी एवढं कर. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, इंजिन गार असताना बॉनेट उघड. टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेषा आहेत, पातळी कुठे आहे ते बघ. कूलंट स्वच्छ आहे की गंजाने तपकिरी झालंय तेही बघ. पुस्तिकेत कूलंटचं पान उघडून प्रकार आणि प्रमाण यांचा फोटो काढ आणि मला पाठव. पातळी थोडीच खाली असेल आणि रंग स्वच्छ असेल, तर त्या प्रकारचा प्रीमिक्सचा एक लिटरचा डबा आण, मॅक्सपर्यंत भर आणि पुढच्या सर्व्हिसला फ्लशची वेळ घे. तपकिरी, गढूळ दिसलं तर थांबू नकोस. याच आठवड्यात कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर स्वतः विकत घेऊन गॅरेजला जा. काही अडलं तर तिथून फोन कर, मी मेकॅनिकशी बोलेन. पण मला खात्री आहे, तुला माझी गरज पडणार नाही.